कणगी भरलेली, विहीर रिकामी

गेल्या अंकात याच सदरात मी एक ओळ लिहिली होती: देशाची गोदामं भरलेली आहेत, पण ती भरणारी माती उपाशी आहे. त्या ओळीवर एवढी पत्रं आली, की कीड-रोगांचे प्रश्न या महिन्यापुरते बाजूला ठेवते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एकतीस वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केलं. २०१९ साली निवृत्त झाले आणि आता लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात साडेचार एकर कोरडवाहू शेत स्वतः बघते.

प्रश्न : ताई, आपला देश जगात सगळ्यात जास्त तांदूळ निर्यात करतो. ऐंशी कोटी लोकांना रेशनवर फुकट धान्य मिळतं. तरी तुम्ही अन्नसुरक्षा धोक्यात आहे असं लिहिता. हे मला पटत नाही. धोका नेमका कुठे आहे?
– निवृत्त बँक अधिकारी, पुणे

काका, तुमचं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. एखादा माणूस दर महिन्याला हात सैल सोडून खर्च करतोय, पण पगारातून नाही, मुदत ठेव मोडून. त्याच्या खर्चाकडे बघून तुम्ही त्याला कर्ज दिलं असतं का?

१९९४ साली मला प्रशिक्षणासाठी लुधियानाला पाठवलं होतं. एका रविवारी आम्हाला जवळच्या गावात नेलं. तिथल्या शेतकऱ्याने शेतातला एक बांधीव खड्डा दाखवला. विहिरीसारखा गोल, पण कोरडा, आणि तळाशी मोटर बसवलेली. वडिलांच्या काळी ही मोटर जमिनीवरच होती, तो सांगत होता. पाणी जसं खाली गेलं तसा खड्डा खोल करायचा आणि मोटर खाली न्यायची. तेव्हा ती पंचवीस फुटांवर पोचली होती. मी काठावरून वाकून बघितलं, तर आतल्या भिंतीला विटांचे तीन रंग. वर काळवंडलेल्या, मध्ये फिकट, खाली लालभडक नव्या. जेव्हा जेव्हा खड्डा खोल केला, तेव्हाच्या भट्टीच्या विटा. आता तसे खड्डेही मागे पडले. पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं आणि बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरी आल्या.

पंजाबी माणसाचं जेवण रोटीचं. भात हे पूर्वी तिथलं मुख्य पीक नव्हतंच. साठच्या दशकात आपण धान्यासाठी अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसलो होतो. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं, हरितक्रांती झाली, आणि सरकार हमीभावाने भात उचलतं म्हटल्यावर गव्हाच्या जोडीला भातही आला. त्या शेतकऱ्यांनी देश जगवला. त्यांना नावं ठेवणारं पत्र कुणी पाठवलं तर मी ते छापू देणार नाही. पण केंद्रीय भूजल मंडळाचा हिशेब बघा. पंजाबात दरवर्षी जेवढं पाणी उपसायला हरकत नाही, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. २००९ साली राज्याने कायदा केला, १० जूनच्या आत भाताची लावणी करायची नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातला उपसा थोडा आवरला. पण भाताची काढणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस कमी उरले, आणि रानातलं काड पेटवून देणं वाढलं. दिल्लीच्या धुराचा एक धागा असा लुधियानाच्या बोअरपर्यंत येतो.

आता जगाचं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते. जगात धान्यच नाही म्हणून ते उपाशी नाहीत. कुणाकडे विकत घ्यायला पैसा नाही, कुणाच्या दारात युद्ध आहे. तेव्हा 'पिकतं पुरेसं' हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण जगाच्या तांदूळ-व्यापारातला सुमारे ४० टक्के माल एकट्या भारताचा असतो. २०२२ च्या सप्टेंबरात आपण काही काळ कण्यांची निर्यात बंद केली, २०२३ च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये मासे आणि कण्यांचा भात हे रोजचं जेवण, आणि त्या कण्या बऱ्याचशा आपल्याकडून जातात. आपला एक मोसम बिघडला की तिकडच्या बाईच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. आणि आपलं धान्य येतं ते जमिनीच्या पोटातल्या, भरून न निघणाऱ्या पाण्यातून. धोका तिथे आहे, काका.

प्रश्न : माझे आजोबा नेहमी म्हणतात, "७२ चा दुष्काळ परवडला, आत्ताचा नाही." तेव्हा तर लोक उपाशी होते ना? मग ते असं का म्हणतात?
– कृषी पदविकेचा विद्यार्थी, बीड जिल्हा

बाळा, आजोबांजवळ बस आणि त्यांना बोलू दे. जमलं तर वहीत लिहून ठेव.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या अंगणात पेव होतं, दोन पुरुष खोल. चांगल्या साली त्यात ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. त्या वर्षी दगड काढला तेव्हा वडील कंदील घेऊन आत उतरले आणि आतूनच म्हणाले, "झाडून घेऊ का?" तळाचे, बुरशीचा वास लागलेले दाणे आम्ही झाडून घेतले. आई-वडील दोघंही पाझर तलावाच्या कामावर जायचे. माती वाहायची, खडी फोडायची. मुलांना सुकडी मिळायची, तिची चव अजून माझ्या जिभेवर आहे. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी विटकरी रंगाची व्हायची आणि थापताना कडेला फाटायची. आई पीठ कढत पाण्यात भिजवायची, तरी ती जुळून येत नसे. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

पण आमच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. कळशी भरायला वेळ लागायचा, ओंजळी-ओंजळीने भरावी लागायची, पण भरायची. मोटेच्या जमान्यात माणसाला हवं तेवढं पाणी ओढता येतच नव्हतं. बैल दमायचे, माणूस थांबायचा, विहीर वाचायची.

आता २०१६ आठव. मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, प्रत्येकी पन्नास हजार लिटरचे, एकूण पाच लाख लिटर. मी तेव्हा लातूरलाच नोकरीला होते. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गहू, तांदूळ, साखर सगळं होतं, पोती छतापर्यंत लावलेली. दुकानदार माझ्यासमोर म्हणाला, बाई, पीठ न्या हवं तेवढं, मळायला पाणी कुठून आणता?

७२ ला कणगी रिकामी होती, विहिरीत पाणी होतं. २०१६ ला कणगी भरलेली आणि विहीर रिकामी. धान्य आगबोटीतून आणता येतं, रेल्वेने आणता येतं. अख्ख्या शिवाराचं पाणी कुठल्या गाडीतून आणणार? तुझे आजोबा हेच म्हणतायत.

प्रश्न : मी सौदी अरेबियात दम्माम इथे अभियंता आहे. विमानातून वाळवंटात हिरवी गोल शेतं दिसतात. वाळवंटात गहू पिकवून दाखवणारा देश आहे हा. तंत्रज्ञान असेल तर पाण्याचा प्रश्न सुटतो, हे यावरून सिद्ध होत नाही का?
– एक वाचक, दम्माम

तुमच्या पत्राबद्दल मनापासून आभार, कारण ही गोष्ट मला केव्हाची सांगायची होती.

ती शेतं गोल दिसतात, कारण मधल्या खांबाभोवती पाण्याचा लांबलचक पाइप चाकांवर फिरतो. त्याला लागणारं पाणी खोल खडकांत साठलेलं, हजारो वर्षांपूर्वी तिथे पाऊस पडत होता तेव्हाचं. आजच्या पावसाने ते भरत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून सौदी सरकारने तेलाच्या पैशातून शेतकऱ्यांना गव्हाला जागतिक बाजाराच्या कितीतरी पट भाव दिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत देश गव्हात स्वयंपूर्ण झाला, मग निर्यातदारही झाला. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेलं. वाळवंटाने गहू विकला! तेव्हाची वर्तमानपत्रं वाचली असती तर तुमच्यासारखंच कुणालाही वाटलं असतं की प्रश्न सुटला.

पुढे पाणी खाली गेलं. २००८ साली त्याच सरकारने ठरवलं की देशी गव्हाची खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी कमी करत न्यायची, आणि २०१६ मध्ये ती थांबवली. नंतर थोडी सूट दिली, पण तो जुना पसारा पुन्हा उभा राहिला नाही. तेलाचा पैसा होता म्हणून त्यांना जगाच्या बाजारातून गहू घेता आला. गाईंच्या चाऱ्याचं काय झालं तेही ऐका. तिथल्या एका मोठ्या दूध-कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमीन घेतली आणि तिथे लसूणघास पिकवून तो जहाजाने गाईंसाठी आणायला सुरुवात केली. ॲरिझोनाही वाळवंटच. तिथल्या शेजाऱ्यांनी विहिरी आटल्याची तक्रार केली, आणि २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने त्या कंपनीचे सरकारी जमिनीवरचे भाडेकरार संपवायचा निर्णय घेतला. आपलं पाणी संपलं म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर गेले, तर तिथेही तोच प्रश्न.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. मी स्वतः ठिबक वापरते. पण पंप हे काही पाणी तयार करणारं यंत्र नाही. पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर त्या हिरव्या गोलांच्या शेजारी करडे गोलही दिसतात का बघा. सोडून दिलेली शेतं तशी दिसतात.

प्रश्न : मॅडम, तुम्ही लोक उठसूट उसावर टीका करता. सोयाबीनला भाव नाही. तूर घातली की सरकार बाहेरून तूर आणतं. ऊस कारखान्याला गेला की पैसे खात्यावर पडतात. लेकरांची फी मी कशाने भरू?
– ऊस उत्पादक, लातूर जिल्हा

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या जागी मी असते आणि माझ्या विहिरीला पाणी असतं, तर मीही ऊसच लावला असता. त्यामुळे दोष तुमच्यावर टाकून हे उत्तर संपवणार नाही.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. आपल्या जिल्ह्यात सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. उसाच्या एका पिकाला २००० च्या घरात पाणी लागतं. वरचं पाणी धरणातून किंवा बोअरमधून यायला हवं. राज्यात चार-पाच टक्के जमिनीवर ऊस, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा त्याला जातो. आणि याच लातूरची ओळख काय? तुरीचा बाजार आणि डाळ गिरण्या. आपल्या गिरण्यांत आज मोझांबिकची, मलावीची, म्यानमारची तूर भरडली जाते. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूर आणायचा करारच केला. त्याच साली आपल्याकडे पाण्याची रेल्वे आली होती! २०२४-२५ मध्ये देशाने ७० लाख टनांहून जास्त डाळी आयात केल्या. खाद्यतेल तर वर्षाला १५० लाख टनांच्या पुढे. २०२२ च्या एप्रिलमध्ये आपण पाम तेल घेतो त्या इंडोनेशियाने जेमतेम तीन-चार आठवडे पाम तेलाची निर्यात थांबवली, तर आपल्या बायकांनी दिवाळीच्या आधीच कढईत तेल मोजून घालायला सुरुवात केली.

माझ्या लहानपणी रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काटेरी म्हणून जनावर आत शिरत नसे, आणि वर्षाचं तेल घाण्यावरून घरी यायचं. ते पीक पावसाच्या ओलीवर यायचं. आपण पाण्याशिवाय येणारी डाळ आणि तेल सोडलं, भरपूर पाणी पिणारी साखर धरली, आणि डाळ-तेलासाठी दुसऱ्या देशाचं तोंड बघत बसलो. यात शेतकऱ्याची चूक किती? उसाला २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, जाहीर झाला आणि कारखाना ऊस घेतोच. तुरीला त्याच हंगामासाठी क्विंटलला ८,००० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण खरेदी केंद्र कधी उघडेल, बारदाना म्हणजे भरायला पोती असतील का, ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवतील का, कशाचीच खात्री नाही. मी स्वतः २०२१ मध्ये अकरा कट्टे तूर घेऊन एका केंद्रावर दोन दिवस बसले आणि शेवटी आडत्याला कमी भावाने देऊन घरी आले. त्या दोन दिवसांत माझ्या पुढच्या-मागच्या रांगेतल्या चार जणांनी पुढच्या वर्षी ऊस लावायचं ठरवलं. उसाइतकी खात्रीची खरेदी डाळीला आणि तेलबियांना मिळायला हवी. ही मागणी तुम्ही-मी मिळून केली पाहिजे, ऊसवाले आणि बिनऊसवाले असं भांडून चालणार नाही.

तोवर काय करायचं? सगळा ऊस मोडा असं मी म्हणत नाही. तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, तो तिसऱ्या खेपेपर्यंत ओढू नका. खोडवा मोडला की एक मोसम हरभरा किंवा भुईमूग घ्या. बेवड, म्हणजे पीक बदलून जमिनीला विसावा देणं, हे तुमच्या वडिलांना सांगायची गरज पडली नसती. आणि हात जोडून सांगते, पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत दाबा, वर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाका, पाणी द्या.

माझ्या शेजारच्या रानात दोन भाऊ आहेत, मधे फक्त एक बांध. एक पेटवतो, एक ठेवतो. मागच्या मार्चमध्ये दुपारी बाराला मी दोन्हीकडे बसून बघितलं. पेटवलेल्या रानात ढेकूळ हातात घेतलं तर कडक, गरम, दाबलं की कडेने पिठासारखं झडणारं. ठेवलेल्या रानात पाचट बाजूला सारलं, तर खाली पांढऱ्या बुरशीचे धागे कापसासारखे पसरलेले, माती गार, आणि एक गांडूळ उन्हाला दचकून आत गेलं. दोघांचं पाणी एकाच बोअरचं. पाण्याची पाळी मात्र पेटवणाऱ्याला आठ दिवसांनी द्यावी लागते, ठेवणाऱ्याला बारा.

प्रश्न : रासायनिक खतांवर सरकारने कायद्याने सरसकट बंदी का घालू नये? विषमुक्त शेतीशिवाय पर्याय नाही, हे तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?
– सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते, कोल्हापूर

कारण श्रीलंकेने ते करून पाहिलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खतं आणि कीटकनाशकांची आयात बंद केली. भाताच्या शेतकऱ्याला पर्यायी खत वेळेत आणि पुरेसं मिळालं नाही. चीनहून सेंद्रिय खताचं जहाज मागवलं, त्यातल्या नमुन्यांत पिकांना रोग लावणारे जिवाणू सापडले, आणि तो माल नाकारावा लागला. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर हंगाम हातचा गेला होता. भातात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला, चहाचंही नुकसान झालं. परकीय चलनाचं संकट आधीपासून होतं, सगळं खापर या बंदीवर फोडता येणार नाही. पण शेतकऱ्याचं कंबरडं तिथेच मोडलं.

हवेतल्या नत्रापासून खत करायची पद्धत जर्मनीत शोधली गेली. फ्रिट्झ हाबर यांनी ती प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये कारखान्यात उतरवली. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या नत्रावर उभं आहे. ते एका सहीने काढून घेतलं तर आधी कुणाचं ताट रिकामं होईल, हे तुम्हीही जाणता.

पण तुमच्या मनातली कळकळ माझ्याही मनात आहे. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे साडेतीनशे रुपयांच्याही आत मिळते, डीएपीची ५० किलोची १,३५० ला. स्वस्त म्हणून युरिया मुठीने फेकला जातो. भाताच्या रानात टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला लागतच नाही, हवेत उडतं नाहीतर पाण्यात उतरतं. मी नोकरीत असताना शेतकऱ्यांना विचारायचे, एकरी किती टाकता? उत्तर यायचं, शेजाऱ्याने दोन गोण्या टाकल्या, मी तीन टाकल्या. त्यांच्या मातीत काय आहे हे बघूनच टाकायला हवं. आधी शेणखत वाढवा, उन्हाळ्यात धनगराची मेंढरं रानात बसवा, ताग-धैंचा पेरून हिरवा असतानाच मातीत गाडून टाका, आणि माती जशी सुधारेल तशी गोणी कमी करा. माझ्या रानात युरिया निम्म्यावर यायला चार वर्षं लागली. तुमच्या संघटनेने गावोगाव हे चार वर्षांचं काम हाती घेतलं तर मी हवं तिथे यायला तयार आहे.

प्रश्न : आम्ही शहरातली माणसं. शेत नाही, अंगण नाही. आम्ही काय करू शकतो?
– गृहिणी, ठाणे

आठवड्यातले तीन दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी करा, आणि ज्वारी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. मराठवाड्याच्या रब्बी ज्वारीला गिऱ्हाईक मिळालं तर ती पेरली जाईल. करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल थोडंसंच आणा, पण आणा. आणि उरलेलं अन्न टाकू नका. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतलं. शिळ्या भाकरीचा कुटका कसा करायचा हे तुमच्या सासूबाईंना नक्की येत असेल.

प्रश्न : माती परीक्षणाचा उपयोग नाही असं वडील म्हणतात. मागे आमचा आणि चुलत्यांचा अहवाल आला, दोन्हीत सगळे आकडे सारखेच. जमिनी तर वेगळ्या आहेत. मी पुन्हा नमुना देऊ का?
– तरुण शेतकरी, परभणी जिल्हा

तुझ्या वडिलांचा अविश्वास मला समजतो. तो त्यांच्यावर लादला गेलेला आहे. मी काम करत होते तिथेही एका वर्षी नमुन्यांचा आकडा गाठायची घाई झाली. वीस पिशव्या आल्या, चिठ्ठ्या वीस शेतकऱ्यांच्या, माती एकाच रंगाची, एकाच पोताची, आणि सगळ्यांत रस्त्याकडेचा मुरूम. कुणीतरी एकाच बांधावरून भरल्या होत्या. मी तपासायला नकार दिला आणि तसं लेखी दिलं. काही महिने मला त्याचा त्रास झाला. पण खोट्या अहवालावर कुणी युरिया टाकणार होतं, हे मला सोसलं नसतं.

म्हणून सांगते, नमुना स्वतः घे. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, पाण्याचा पाट सोड. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घे आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात टाक. घमेलं खताचं नको. सगळी माती सावलीत पसर, एकत्र कर, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे, उरलेले पुन्हा मिसळ. अर्धा किलो राहीपर्यंत हेच करत जा. चुलत्यांच्या रानाची वेगळी पिशवी.

मग प्रयोगशाळेत जा आणि शक्य असेल तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, तपासताना शेजारी उभा राहा. चंबूत जेमतेम एक ग्रॅम माती घेतात. तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि मग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. चंबू इतका तापतो की हात लावता येत नाही. अर्धा तास थांबायचं. नंतर पाणी घालून, वरच्या काचेच्या नळीतून दुसरं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. चंबूतला रंग आधी निळा-जांभळा होतो, गढूळ, आणि मग एका थेंबासरशी लख्ख हिरवा. जिच्यात कर्ब जास्त, तिला हे थेंब कमी लागतात, कारण नारिंगी द्रावण मातीनेच आधी खर्चून टाकलेलं असतं. कर्ब कमी असेल तर थेंब पडतच राहतात. एकतीस वर्षं मी ते थेंब मोजले. शेवटच्या काही वर्षांत नळी भरून ठेवावी लागायची तेव्हा माझा हात जड व्हायचा.

०.५० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर कर्ब कमी, ०.७५ च्या वर गेला तर चांगला. निवृत्त झाले तेव्हा माझ्या रानाचा ०.३८ होता. यंदा मे महिन्यात ०.५१ आला. तुझा आणि चुलत्यांचा काय येतो ते मला कळव, दोन्ही आकडे वेगवेगळे लिही.